सत्तावीस वर्षांचं अपेंडिक्स

आमच्याकडे दुखणं कधी आजचं नसतं. डोकं सकाळपासून दुखतंय, असं आई कधीच सांगत नाही. आजच्या दुखण्याला कोण विचारतं? थोडं वय झालेलं दुखणं असलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून ऐकतो. लातूरकडून येऊन पुण्याजवळ मोशीत राहिलेल्या आमच्या सगळ्या नातलग बायकांची हीच रीत. आणि कुठल्याही दुखण्याची सुरुवात साधारण लग्नात होते.

म्हणून निगडीच्या हॉस्पिटलात, पोट धरून वाकलेल्या आईला शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "मावशी, कधीपासून दुखतंय?" तेव्हा ती म्हणाली, "लगीन झाल्यापासून."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"सत्तावीस." कळ जोरात होती, पण आकडा स्पष्ट सांगितला.

त्याने तो केसपेपरवर लिहिला. मी शेजारीच उभी होते. पेन चाललेलं मला दिसत होतं. दुखणं परवा दुपारचं आहे, हेही मला माहीत होतं. पण दोन मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे मला शाळेने शिकवलं होतं आणि त्याबद्दल प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'वेल बिहेव्ड' असा शेरा दिला होता. त्या दिवशीही मी वेल बिहेव्ड राहिले.

अपेंडिक्स निघालं. संध्याकाळी ऑपरेशन झालं, नीट झालं. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना विमा कंपनीचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत आणि फार सभ्य होतं. रुग्णाला हा आजार सत्तावीस वर्षांपासून आहे, गेल्या वर्षी पॉलिसी घेताना तो लपवला, म्हणून क्लेम नामंजूर. एक लाख अठरा हजारांचं बिल आमच्या गळ्यात.

सुजलेलं अपेंडिक्स घेऊन एखाद्या बाईने सत्तावीस वर्षं धुणी, भांडी आणि एक बाळंतपण उरकलं असेल, तर कंपनीने तिचा सत्कार करायला हवा होता.

पॉलिसी माझ्या हट्टाने काढलेली होती, हिंजवडीतल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून. बाबा चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर आहेत. त्यांच्या मते विमा म्हणजे धडधाकट माणसाने आपणहून भरलेला दंड. त्यामुळे बिल भरायला कार्डही मीच काढलं. त्यातले पैसे ऑफिसजवळ मारुंजीत घ्यायच्या खोलीसाठी होते. डिपॉझिट, गादी, शेगडी. मोशी ते हिंजवडी रोज बसने जाऊन-येऊन माझे चार तास जात. आईला ती खोली मुळीच पसंत नव्हती. घर असताना भाड्याने राहणारी मुलगी म्हणजे नातलगांना वर्षभराचा विषय. आता खोलीही गेली आणि विषयही.

बाबा म्हणाले, "बारा वर्षं इंग्लिश मीडियमची फी भरलो. बोल की आता त्यांच्याशी इंग्लिशमध्ये."

फोन लावण्याआधी मी काय बोलायचं ते वहीत लिहून घेतलं. इंग्रजीत, मुद्द्यांसकट. पलीकडच्या बाईंनी हिंदीत सुरुवात केली आणि वही मिटली.

"डॉक्टरसाहब ने सत्ताईस साल लिखा है, मॅडम."

"वो... वो पेट का नहीं... शादी का..." मी अडखळले.

मग त्या हळूच म्हणाल्या, "समझ गयी, मॅडम. लेकिन सिस्टम नहीं समझेगा."

हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर मोशीच्याच मूळ गावकऱ्यांपैकी एक काका बसायचे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ताई, कागदावर आलं म्हंजे आलं. आता त्याला खोडणारा कागद आणा. एक डॉक्टरचा, एक पेशंटचा. पंधरा दिवसांच्या आत. आन् सही आईचीच पायजे, तुमची न्हाई चालायची."

शिकाऊ डॉक्टर जिन्यात भेटला. "त्यांनी सांगितलं तेच मी लिहिलं," तो म्हणाला. चूक कबूल करायला तो माझ्यापेक्षाही लाजरा होता.

"सर, आई तुम्हाला अपेंडिक्सबद्दल सांगत नव्हती," मी म्हणाले. "नवऱ्याबद्दल सांगत होती."

मागून येणारी नर्स खळखळून हसली. मला स्वतःचा आवाज इतका मोठा आहे हे ठाऊक नव्हतं. डॉक्टरचं दुरुस्तीचं पत्र दहा मिनिटांत मिळालं.

आईचा कागद मी मराठीत लिहिला आणि घरी वाचून दाखवला. 'लग्न झाल्यापासून ऑपरेशनच्या दोन दिवस आधीपर्यंत मला पोटाचा कोणताही त्रास नव्हता.'

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "परत वाच."

मी परत वाचलं.

"याची झेरॉक्स काढ. दोन काढ. एक तुझ्या मामाला पाठवतो."

"मी सही करणार नाही," आई म्हणाली. "खोटं आहे ते."

"आई, फक्त पोटाबद्दल आहे."

"पोटाचाच तर होता की. पहिली दोन वर्षं सगळ्यांच्या मागून जेवायला बसले. पातेल्यात काय उरायचं, विचार यांना."

बाबांनी कप पुन्हा उचलला. त्यात चहा नव्हता, तरी बराच वेळ पीत राहिले. झेरॉक्सचा विषय त्यांनी परत काढला नाही.

थोड्या वेळाने आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "पैसे आले की तू मारुंजीला जाणार ना?"

'बघू' हे माझं ठरलेलं उत्तर. या वेळी मी "हो" म्हणाले.

कागद देवघराशेजारी वाटीखाली पडून राहिला. एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस. ती रोज त्याभोवती झाडू मारायची. मीही काही बोलत नव्हते. गप्प बसण्याच्या स्पर्धेत आमच्या घरात मला हरवणारी ती एकटीच.

बाराव्या दिवशी ती म्हणाली, "इंग्लिशमध्ये लिहून आण. जे वाचता येत नाही, त्याच्यावर सही केली तर पाप लागत नाही."

मी लिहून आणलं. बारा वर्षांची फी अशी वसूल झाली. आईने मराठीत सही केली, पूर्ण नाव लिहून. मधलं बाबांचं नाव तिने इतकं दाबून गिरवलं, की कागदाला भोक पडलं. खिडकीवरच्या काकांनी ते बघितलं, बोट फिरवलं आणि काही न विचारता शिक्का मारला.

पैसे आले. मी मारुंजीला गेले. खोलीत गादी आली, शेगडी यायची होती, तेव्हा आईचा फोन आला.

"डोकं दुखायलंय."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

मला जाऊन चारच दिवस झाले होते. आईच्या मानाने दुखणं फारच कोवळं होतं. मी खुर्ची पुढे ओढली.