राखणदाराला कबूल केलेला कोंबडा

गावाची पाटी दिसली की काका माझ्या स्टिअरिंगवरच्या हातावर आपला हात ठेवायचे आणि म्हणायचे, "थांब रे. हद्द इली."

मी थांबायचो. न थांबून सांगतो कुणाला! काका उतरायचे, डिकीतल्या पोत्यातून नारळ काढायचे, रस्त्याकडेच्या बऱ्याशा दगडावर तो फोडायचे आणि त्या गावच्या राखणदाराला, म्हणजे हद्द सांभाळणाऱ्या देवाला, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचे. "बा म्हाराजा, तुझ्या हद्दीतसून जातंव, सांभाळून घे." यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं काम माझं. कोकणात हे रोजचंच आहे हो. पण पालनपूरच्या पुढे, डिसेंबरच्या थंडीत, चहूकडे वाळू आणि खुरटी झुडपं, आणि मध्ये आम्ही दोघे दगडापुढे हात जोडून उभे. उंटवाले थांबून बघायचे. उंटही बघायचे.

काका बोरीवलीचे आमचे शेजारी. गिरणीतून निवृत्त झालेले. लेकीचं लग्न त्यांनी स्वतः जमवलं होतं. जावई कोकणातल्या त्यांच्याच गावचा, सरकारी पाणीखात्यात ओव्हरसियर. फक्त नोकरी बाडमेरच्या पलीकडे. समुद्राकाठची पोर वाळूत नेऊन टाकली म्हणून काकूंनी वरात निघाली त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं सोडलं, ते वर्ष होत आलं तरी तसंच. लेक सुखात आहे का ते डोळ्यांनी बघेन, मग बोलायचं का ते ठरवीन, हा निरोपसुद्धा माझ्यामार्फत आला. म्हणून ही सफर. माझ्या मेव्हण्याची जुनी गाडी, पुढे मी आणि काका, मागे काकू. "तुझ्या काकांना सांग, खिडकी लाव," असं काकू हातभर अंतरावरून मला सांगायच्या. मी काकांना सांगायचो. लावतो म्हणून सांग, असं काका मला सांगायचे.

लेकीच्या गावाच्या हद्दीवर काकांनी गाऱ्हाण्यात नवस जोडला. "माझा चेडू तुझ्या पदरात आसा. ता सुखात दिसला, तर तुका कोंबो देतलंय."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. माझं काय जातंय?

लेक हसत दारात आली. काकूंनी तिचा दंड चाचपला, घरातले डबे उघडून पाहिले, पण चेहरा काही सैल केला नाही. आईबापांसमोर हसणाऱ्या लेकीवर कुठली आई विश्वास ठेवते? काकांना मात्र ती सुखात दिसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ते नवस फेडायला बाजारात गेले.

मंडळी, तो सगळा बाजार जैनांचा होता. काकांनी धान्याच्या पेढीवर जाऊन, गिरणीतल्या हिंदीत, देवासमोर कापायला तगडा मुर्गा कुठे मिळेल असं विचारलं. पेढीवाल्याने कानांवर हात ठेवले. त्याला ऐकू येत नसावं असं समजून काकांनी तेच आणखी मोठ्याने विचारलं. आजूबाजूच्या दुकानांनी फळ्या लावून घेतल्या.

बातमी काकांच्या आधी घरी पोचली. घरमालकीणबाई दारात येऊन फार गोड शब्दांत म्हणाल्या की भाच्याला या खोल्या लागणार आहेत.

काका येताच लेक कडाडली. "बाबा, तुम्ही परवा बोरीवलीला जाल. मला इथे राहायचंय ना! हे घर मला आवडतं, ही माणसं आवडतात. वाट लावलीत माझी."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. ज्या वाक्यासाठी एवढी वाळू तुडवली, ते त्यांना मिळालं होतं. त्यांनी पदर खोचला, एका हातात नारळ घेतला, दुसऱ्या हाताने मालकीणबाईंना धरलं आणि तडक हद्द गाठली. मागे आम्ही.

"म्हाराजा, ह्येंका अक्कल नाय," काकूंनी राखणदाराला सांगितलं. "कोंबो कबूल केल्यानी तो आमच्या गावच्या सवयीन. हय त्येचा नावसुद्धा काढूक येना नाय. आज नारळ घे. कोंबो मी गावाक गेल्यावर आमच्या राखणदाराक देतंय, तुझ्या नावान."

मालकीणबाईंना त्यातलं अवाक्षर कळलं नसेल. पण एक बाई देवासमोर नवऱ्याला झापते आहे एवढं कळलं आणि ते त्यांना मनापासून पटलं. माझ्याआधी त्याच "हां महाराज" म्हणाल्या. भाच्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज काका नाहीत. आठवतात ते परतीच्या रस्त्यावरचे. गाडी सुरू झाली आणि मागून काकूंनी तोंड उघडलं, या वेळी माझ्यामार्फत नव्हे. लग्नाच्या मांडवापासून सुरुवात करून त्यांनी नवऱ्याला जे झोडपलं, ते गुजरात लागेपर्यंत श्वास म्हणून घेतला नाही. बाहेर हाडं गोठवणारा वारा होता. काका समोर बघत बसले होते, आणि कानांवरची माकडटोपी हळूच वर गुंडाळत होते, नीट ऐकू यावं म्हणून.