मातीच्या भिंतीला माणूस लागतं

जव्हारजवळच्या वांगणीच्या सखीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा थापल्या. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर, लक्ष्याबरोबर, ती भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडाशी परतायची. भट्टीवर नवरा-बायकोची जोडीच घेतात, एकट्यादुकट्याला कोणी विचारत नाही. यंदा परत आली तर घरामागची पडवी, जिथे तिची चूल होती, ती अर्धी बसलेली. पावसाळा कसाबसा काढला आणि दसऱ्याला सखीने जाहीर केलं, आता स्वयंपाकघर नवं आणि ऐसपैस बांधायचं.

लक्ष्याही खुशीत आला. त्याच्या डोक्यात सिमेंटचे ब्लॉक आणि वर पत्रा. शेजारच्या सावळ्याने तेच केलं होतं. पत्रा तापतो म्हणून सावळ्याची बायको दुपारी भाकरी थापायला अंगणात येऊन बसते, हे मात्र लक्ष्याच्या नजरेतून सुटलं होतं. सखीने ते बरोबर हेरलं. सावळ्याने उतरवून टाकलेली जुनी कौलं तिने मागून घेतली. ओहोळाकडची कारवी आणली, बांबू आणले, वारुळाची माती भाताचा तूस घालून तुडवली. जव्हारच्या फरशीवाल्याकडे तुटक्या शहाबादीचा ढीग पडून होता, त्यातले तुकडे ओट्यासाठी उचलले. विटा नकोच म्हणाली. एक भट्टी पिकवायला किती धूर होतो, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक! सगळं जवळचं, जवळपास फुकटचं, आणि उद्या मोडलंच तर मातीत मिसळणारं.

लक्ष्या कपाळाला हात लावून बसला. कुडाची, म्हणजे कारवी विणून वर माती लिंपलेली भिंत म्हटली की सतत लिंपण, सतत सारवण. आधीची पडवी बसली ती घरात कोणी नव्हतं म्हणूनच.

"आपून भट्टीवर गेल्यावर हिला सारवील कोण?"

"मी," सखी म्हणाली. "मी यंदा जायची नाय."

हे तिने मनाशी कधीचं धरलं होतं. गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायचं काम तिला मिळालं होतं. अर्धं वर्ष प्लास्टिकच्या झोपडीत आणि अर्धं पडक्या घरात काढून ती कंटाळली होती. पण ती राहिली तर जोडी मोडणार, म्हणजे लक्ष्याचंही काम बुडणार. बरेच दिवस दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत. तरी कूड मात्र लक्ष्यानेच विणला, कारण बायकोने वाकडा विणलेला त्याला बघवेना.

स्वयंपाकघर उभं राहिलं आणि अख्खा पाडा बघायला आला. भर दुपारी आत गार. शाळेतल्या सुदर्शन गुरुजींची बायको पुष्पलता आली, ओट्यावरून हात फिरवत राहिली आणि आमच्या घरामागे असंच बांधून द्याल का, असं लक्ष्याला विचारून बसली. लक्ष्याने मग तिला वारुळाचीच माती का, कौलंच का, हे इतकं रंगवून सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळी कल्पना ह्याचीच. सखीने पदराआड हसून घेतलं. पण बांधून देईन की नाही, ते काही तो बोलला नाही.

दिवाळी झाली आणि भट्टीचा मुकादम आला, नव्या चुलीपाशीच बसला. सखीने दोघांना चहा दिला. सोमवारी गाडी येईल, जोडी तयार राहू दे, असं त्याने सांगून टाकलं. नाही म्हणायला सखी कचरणारी नव्हती, पण आज नवऱ्याने बोलावं असं तिला फार वाटत होतं.

लक्ष्याने सावकाश चहा संपवला.

"शेठ, जोडी हाय. पन ती आता हितंच बांधकामाला लागली. आधी गुरुजींचं करायचं, मंग खालच्या पाड्यावरल्या कमूचं."

कमूचं कधी ठरलं, हे सखीलाही ठाऊक नव्हतं. मुकादम तोंड वाकडं करून उठायला लागला. पण सखीला नवऱ्याचा इतका अभिमान वाटत होता की तिने मुकादमाला जवळजवळ हाताला धरून बसवलं आणि त्याच्याही कपात दुसऱ्यांदा चहा ओतला.