पेपरमिंटची डबी

माझी ताई लाँड्रीत इस्त्री करते आणि मी त्याच लाँड्रीच्या काउंटरवर बसते. ती मागे वाफेत, मी पुढे गिऱ्हाइकांच्या तोंडाला. दोघींपैकी जास्त कोण भाजतं, हे अजून ठरायचंय.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. कपडा धुवायला टाकण्याआधी त्याचे सगळे खिसे तपासायचे. निघेल ते कागदी पाकिटात घालायचं, पाकिटाला स्टेपल मारायची आणि ते हँगरला टाचायचं. गिऱ्हाइकाला देताना फक्त एवढंच म्हणायचं, "खिशात राहिलं होतं, तपासून घ्या." काय निघालं आणि कोणाचं निघालं, याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हे काम ताईकडे आहे. अर्ध्या गावाची बिंगं तिच्या हातांखालून गेली असतील, पण मी कितीही खोदून विचारलं तरी तिचं उत्तर ठरलेलं, "खिशातलं खिशात." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे मालकांनी हे काम मला दिलं नाही ते शहाणपणच केलं.

ताईची कंबर फार जुनं दुखणं घेऊन बसली आहे. इस्त्रीचं मोठं यंत्र एका पायाने दाबावं लागतं, म्हणजे अंगाचा सगळा भार दिवसभर दुसऱ्या पायावर. कमरेतून निघालेली कळ मांडीतून टाचेपर्यंत जायची. पण तिला खरं खाल्लं ते कळेनं नाही, कळेच्या भीतीनं. उद्या उठताच आलं नाही तर? यंत्रावर उभी असतानाच पाय गेला तर? हात थरथरायला लागायचे, छाती धडधडायची, आणि वर ही बाई मला सांगणार, "काही नाही गं, जरा उकडतंय."

डाग काढण्याच्या टेबलावर बसणाऱ्या काकांनी एकदा मागच्या दाराशी तिला सिगारेट दिली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि दहा मिनिटं सगळं शांत झालं. तेव्हापासून मागचं दार हाच तिचा दवाखाना. कळ आली की सिगारेट, कळ येईलसं वाटलं की सिगारेट. दाजींना किंवा लेकीला कधी पत्ता लागला नाही. गिऱ्हाइकाच्या कोटातला धूर काढण्यावर जिचं पोट चालतं, तिला स्वतःच्या पदराचा वास घालवणं काय अवघड? वाफ, ब्रश आणि थोडा वारा, की झाली बाई धुतल्या तांदळासारखी. मी कुरकुरायचे, पण तिला सरळ उभी राहिलेली बघितलं की माझंही तोंड बंद व्हायचं.

शेवटी सर्जनकडे जावंच लागलं. मणके जोडायची शस्त्रक्रिया करू, म्हणाले, उभं राहता येईल, झोपता येईल. मग विचारलं, सिगारेट? ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हो म्हणाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. निकोटीन रक्तात असेल तर हाड जुळत नाही, म्हणाले, त्यामुळे आधी पूर्ण बंद, मग लघवीची तपासणी, ती स्वच्छ आली तरच ऑपरेशनचं टेबल. सिगारेट, तपकीर, अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी, गोळी, कुठल्याही रूपात चालणार नाही. आणि जाता जाता हेही सांगितलं, की सिगारेटनं दुखणं कमी झालंसं वाटतं ते तेवढ्यापुरतं. तिचा अंमल उतरला की जी तगमग होते ती सिगारेटचीच, आणि पुढची सिगारेट तीच तगमग शमवते. दुखणं आतून वाढतच राहतं.

परतताना ताई म्हणाली, "जिला जिवाभावाची समजत होते तीच माझं घर पोखरत होती."

त्याच संध्याकाळी तिनं घरी सगळं सांगून टाकलं, मीही होते. लेक शिकून नोकरीला लागलेली, स्वभावानं कडक. ती म्हणाली, "आई, तू? इतकी वर्षं? आणि आम्ही रोज तुझ्या शेजारी जेवायला बसत होतो." ताई मान खाली घालून ऐकत राहिली. दाजी मात्र देवमाणसासारखे वागले. ते मोठ्या हॉटेलच्या दारात उभे राहतात, काळा कोट घालून, येईल त्याला हसून दार उघडतात. तसंच हसून म्हणाले, मी आहे ना, सोडू आपण. डॉक्टर काय म्हणाले ते नीट ऐकायला मात्र त्यांना कामातून वेळ मिळाला नव्हता. त्यांच्या डोक्यात एवढंच गेलं की सिगारेट बंद.

ताईनं सिगारेट सोडली, आणि पहिले काही आठवडे आम्ही सगळ्यांनीच भोगलं. कंबर पेटलेली, झोप नाही, कधी रडणं, कधी भांडी आदळणं. एका पांढऱ्या सदऱ्याची कॉलर जाळली, आणि गिऱ्हाइकाची समजूत काढता काढता माझा घसा बसला. दाजींना तर घरात पाऊल टाकायची चोरी झाली होती. तोंडाला चाळा म्हणून ताई पेपरमिंटच्या गोळ्या चघळायची. त्यांची पत्र्याची डबी एप्रनच्या खिशात असायची, आणि पुढे पुढे ती रोज सकाळी दाजी भरून देऊ लागले. ताईला त्याचं केवढं कौतुक. "माझा नवरा डबी भरून देतो" हे तिनं डागवाल्या काकांनाही ऐकवलं. काका म्हणाले, आमची बायको आमचे कान भरते.

आणि हळूहळू ताई सावरली. हात थरथरायचे थांबले, जेवण जायला लागलं. मागच्या दाराशी जाऊन नुसता वारा खाऊन परत यायची आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणायची, "बघ, जमलं मला." तिच्या चेहऱ्यावर असा अभिमान मी आमच्या लग्नकार्यांतही पाहिला नव्हता. गोळ्या जरा तिखट आहेत, घशाला चरचरतात, उचकी लागते, अशी तिची तेवढी तक्रार होती. मी एकदा एक गोळी तोंडात टाकली, तर डोकं गरगरलं आणि मळमळलं. ताई म्हणाली, तुला फुकटचं पचतच नाही. मीही हसले आणि विसरून गेले.

तपासणीचा निकाल ऐकायला आम्ही चौघं गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिला, ताईकडे पाहिलं आणि शस्त्रक्रिया रद्द केली. निकोटीन आहे, म्हणाले, थोडंथोडकं नाही. ताई म्हणाली, मी एकही ओढलेली नाही. मग तपकीर, पट्टी, निकोटीनच्या गोळ्या, काहीतरी घेतलं असेल, डॉक्टर म्हणाले. पेपरमिंटशिवाय काही नाही, ताई म्हणाली. डॉक्टरांनी असं फार ऐकलं असावं. ते चिडले नाहीत, नुसतेच हसले, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं.

मी मध्ये पडले. दिवसभर मी तिच्याजवळ असते, तिनं ओढलेली नाही, असं सांगितलं. तेव्हा लेक म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं आम्हाला वास येऊ दिला नाही तिनं. तुला कळलं असतं?" ताईनं दाजींकडे पाहिलं. दाजी चष्मा पुसत होते. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले.

त्यानंतर ताई घरात आरोपीसारखी राहिली. खरं बोलायला लागल्यावर खोटारडी ठरली, हे तिला सोसवेना. लेक ऑफिसातून आली की आईला मिठी मारायची, आणि मिठीतच हळूच तिच्या केसांचा वास घ्यायची. पूर्वी ती मिठी कधी मारत नसे.

आठवड्याचे कपडे आले त्यात दाजींचा हॉटेलचा कोटही आला. एरवी दाजी खिसे घरीच रिकामे करून देत. लाँड्रीवालीचा नवरा, इतकं तर शिकलेला. पण त्या गडबडीत विसरले. मी मागे चहा द्यायला गेले तेव्हा ताई टेबलापाशी उभी होती. कोटाच्या आतल्या खिशातून तिनं गोळ्यांची रिकामी पाकिटं बाहेर काढली होती, ती चंदेरी, ज्यातून टिचकन दाबून गोळी काढतात तशी. त्यावर लिहिलं होतं, धूम्रपान सोडण्यासाठी निकोटीनच्या गोळ्या, पेपरमिंट स्वाद.

तिनं एप्रनमधून डबी काढली आणि एक गोळी त्या पाकिटाच्या खळग्यात ठेवून पाहिली. नेमकी बसली. मी काही बोलणार तर तिनं हात वर केला. मग मोठ्यानं रडली नाही, उभ्या उभ्या डोळे गळत राहिले. म्हणाली, "मला वाटत होतं मीच सोडली." माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आत्ताच्या आत्ता हॉटेलच्या दारात जाऊन तमाशा करते, म्हटलं. ताईनं रिकामी पाकिटं आणि डबीतल्या उरलेल्या गोळ्या कागदी पाकिटात घातल्या, स्टेपल मारली आणि ते कोटाच्या हँगरला टाचलं. दुकानाचा नियम.

दाजी कोट न्यायला आले तेव्हा मी काउंटरवर होते, पण ताई लंगडत पुढे आली आणि मला बाजूला केलं. कोट समोर ठेवला. "खिशात राहिलं होतं, तपासून घ्या," ती म्हणाली, अगदी परक्या गिऱ्हाइकाला म्हणते तशी.

दाजींनी पाकीट हातानं चाचपलं. उघडायची गरज पडली नाही. तोंड उतरलं. मग हळू आवाजात सांगत गेले, की तिचे हाल बघवत नव्हते, औषधाच्या दुकानात विचारलं, त्यांनी हे दिलं, सोडण्यासाठीच असतं असं वाटलं, तिला सांगितलं असतं तर तिनं घेतलंच नसतं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तेवढं मी कबूल करते.

"गोळ्यांचं समजले मी," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी गोळ्यांचं नाव घेतलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना? मग गप्प का बसलात?"

"लेकीसमोर माझी काय किंमत राहिली असती?"

ताईनं दोन्ही हात काउंटरवर टेकले, कारण तिला आता उभं राहवत नव्हतं. "आणि माझी राहिली?"

दाजी पाकीट खिशात घालून निघून गेले. घरी मात्र सांगतील, असं ताईला वाटत होतं. मुलीला खरं ते कळू दे, एवढंच तिला हवं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून हवं होतं. रोज ताटावर बसली की वाट बघायची. दाजी भाजी कशी झालीय ते सांगायचे.

तिनं पुन्हा सोडली. या वेळी डबीत काही नव्हतं, डबीच नव्हती. पहिल्यापेक्षा वाईट गेलं ते. घरी कोणाला जवळ येऊ द्यायची नाही, पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं ओतून घ्यायची. कळ आली की कपड्यांच्या रॅकचा दांडा धरून उभी राहायची आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायचे, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. तपासणी स्वच्छ आली. शस्त्रक्रिया झाली.

मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. ताई फिकी पडली होती, पण पाय हलवून दाखवत होती. दाजी दारात उभे होते, येईल त्याला या, बसा करत. लेकीनं वाकून आईच्या गालाला गाल लावला, सवयीनं वास घेतला आणि समाधानानं सरळ झाली. कोणीतरी विचारलं, मागच्या वेळी शस्त्रक्रिया का राहिली होती हो?

"मागच्या वेळी जरा ढिलाई झाली," दाजी म्हणाले, आणि तेच दार उघडणारं हसू हसले. "या वेळी मात्र तिनं मनावर घेतलं."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. ताईनं चादरीखालून माझा हात धरला आणि घट्ट दाबला, म्हणून मी तोंडाला स्टेपल मारून बसले. दाजींचा काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. ताईनं त्या कोटाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "खिसे तपासलेत ना?"

लेक हसली. आईला दवाखान्यातसुद्धा लाँड्री सुचते, म्हणाली. सगळेच हसले. दाजी कोट उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, आणि ताईनं कूस बदलायला माझी मदत मागितली. तोंड तिनं भिंतीकडे करून घेतलं.