मेन मोठा करा

पूर ओसरला तेव्हा मी देवावर रुसले होते. नीरेचं पाणी आमच्या घरात खिडकीपर्यंत चढलं, देवघरही सुटलं नाही. शाळेत आसऱ्याला होतो तेव्हा बाकीच्या बायका हात जोडून बसायच्या आणि मी म्हणायचे, ज्याला स्वतःचं देवघर राखता आलं नाही तो माझं घर काय राखणार? माझा स्वभावच तिखट. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या एवढंच म्हणाल्या, "रुस बाई. त्योबी चिखलातच बसलाय."

घरी परतलो तर भिंती ओल्याकच्च, जमिनीवर घोट्यापर्यंत गाळ आणि फ्रीज तरंगत जाऊन शेजारच्याच देवघराच्या दारात अडकलेला. आमचे हे जनावरं घेऊन बारामतीकडे पाहुण्यांकडे गेले होते. दुपारी खांबावर वीज आली, पण तपासल्याशिवाय घरातला मेन स्विच कुणी चढवायचा नाही, असं गावभर सांगितलं होतं. सुप्याकडून मदतीला आलेल्यांत एक वायरमन होते. त्यांनी दिसले तेवढे बोर्ड उघडून पुसले, पंपाची वायर सोडवली आणि म्हणाले, "वहिनी, समदे प्लग काढा आन् भाईर थांबा. सैपाकघराची लाईन तेवढी बघतो."

मी प्लग काढले. फ्रीजमागचा बोर्ड मात्र ना त्यांना दिसला ना मला. बाहेर आले खरी, पण खंडोबाचा चांदीचा टाक त्या गाळात पडलाय, हे मनातून जाईना. रुसवा असला तरी देव आपलाच ना! वायरमन मीटरकडे वळलेले पाहून मी मागच्या दाराने आत गेले आणि अनवाणी, ओल्या हातांनी फ्रीज ढकलू लागले.

समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या आत्यांना मी दारातून दिसले. तेवढ्यात वायरमननी मेनवर हात ठेवून विचारलं, "टाकू का?"

आत्या ओरडल्या, "मोठा करा! मेन मोठा करा!"

आत्या दिवा 'विझव' कधीच म्हणत नाहीत, ते अशुभ. 'दिवा मोठा कर' म्हणतात. बल्ब, चूल, सगळ्याला तेच. टीव्ही मोठा करा म्हणाल्या की पाहुणे बिचारे आवाज वाढवतात! 'बंद' हा शब्द जिवावर बेतलं तरी त्यांच्या तोंडून निघत नाही, आणि त्या दिवशी माझ्या जिवावरच बेतलं होतं. दुसऱ्या कुणी ते ऐकून मेन वर ढकललाच असता.

वायरमनचा हात मात्र थांबला. आत येऊन त्यांनी मला फ्रीजला धरून उभी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मागे हात घालून त्यांनी फ्रीजचा प्लग उपसला, त्यातून पाणी ठिबकत होतं. मला बाहेर आणून बसवलं. स्वतःही शेजारी टेकले. म्हणाले, "आमची आई मोठा करच म्हणायची. ती गेल्यापास्नं ह्यो शब्द कानावर न्हवता. हात जागीच राहिला बघा."

मग त्यांनी तो बोर्ड सोडवला, गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून गळती नाही ना ते पाहिलं, आणि स्वयंपाकघरातला एक बल्ब लावून दिला. टाकही त्यांनीच काढून माझ्या ओंजळीत ठेवला. नाव विचारायचं राहून गेलं, ते पुढच्या घरी गेलेसुद्धा.

"आत्या, खंडोबानं वाचवलं मला."

"व्हय, वाचवलं त्यानंच. पर वरडले मी. घसा बसलाय, च्या टाक."

हसता हसता मला रडू फुटलं. हा चमत्कार होता का, ते मी सांगू शकत नाही. देवावर भार टाकायचा तर 'बाहेर थांब' म्हटल्यावर थांबावंही लागतं, एवढं मला उमगलं. मी निघाले होते देवाला गाळातून काढायला, आणि काढलं त्यानं मला.