मिठाच्या राशीपुढचा सदरा

मिठागरातली ती मारहाण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही. पन्नासच्या दशकात मी मुलुंडकडे सब-इन्स्पेक्टर होतो. मिठागराच्या मॅनेजरच्या डोक्यात भरदुपारी कुणीतरी मागून पहार घातली. तो इस्पितळात बेशुद्ध होता. दगावला असता तर मामला खुनाचा झाला असता.

खबर तिथल्या मुकादमाने दिली. एका मजुराचं मॅनेजरशी भांडण झालं होतं आणि तो नेहमी काळा सदरा घालतो, असं त्याने सांगितलं. मासळीची पाटी घेऊन बांधावरून जाणाऱ्या कोळीणबाईनेही काळ्या सदऱ्यातला माणूस पळताना पाहिला होता. आम्ही मजुराला ताब्यात घेतलं. उलटसुलट विचारलं, तरी ‘मी घरीच होतो’ यापलीकडे तो जाईना. त्याची गरोदर बायको पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली.

अडचण मिठागराच्या पहारेकऱ्याची होती. पळणारा माणूस मिठाच्या कोठारापुढून जाताना त्यानेही पाहिला होता. पण सदरा पांढरा होता, यावर तो ठाम. चेहरा दोघांनाही दिसला नव्हता. हवालदार म्हणाले, "साहेब, दोघांतलं एक खोटं बोलतंय." पण खोटं बोलून दोघांनाही काही मिळणार नव्हतं.

दुसऱ्या दुपारी दोघांना जागेवर नेलं. सोबतचा शिपाई साध्या कपड्यांत होता, अंगात राखाडी सदरा. त्याला पळणाऱ्याच्या वाटेने चालायला लावलं. उन्हात झळाळणाऱ्या मिठाच्या राशींपुढे तो आला तशी बाई म्हणाली, "आसाच काला व्हता." मलाही तो काळाच दिसत होता. पुढे तो डांबर फासलेल्या कोठाराच्या भिंतीपुढे गेला. पहारेकरी म्हणाला, "आता बघा ना साहेब, पांढरा."

दोघंही खरं बोलत होते. त्या दिवशी राखाडी सदरा मुकादमाच्या अंगात होता, असं मजुरांकडून कळलं. त्याची मीठचोरी मॅनेजरने पकडली होती. आधी मुकादम हसत उत्तरं देत राहिला, मग एकदम खचला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण पंचांसमक्ष त्याने खाडीच्या चिखलातून पहार काढून दिली. मॅनेजरही वाचला.

मजूर सुटल्यावर कोळीणबाई ठाण्यात आली. आपल्या बोलण्यामुळे तो आत गेला, हे तिला लागलं होतं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही दिसलं तेच सांगितलंत. मागे काय होतं, ते विचारायचं काम आमचं."

पुढे नोकरीभर मी ते प्रत्येक साक्षीदाराला विचारत आलो.