सूपभर मिलोचं पोर

केडगावच्या महेंद्र साळवेला भांडायला कारण लागत नसे, जागा लागायची. नागापूरच्या कारखान्यात लेथवर त्याचा हात चालायचा आणि जेवणाच्या सुट्टीत तोंड. मालकानं पीएफ कापून भरला नाही, की केबिनबाहेर ठिय्या. रेशनवाल्याच्या काट्याखाली चुंबक सापडलं, की त्याची गल्लीभर वरात. शिक्षण नववी, पण कायद्याची कलमं अशी फेकायचा, की समोरच्याला वाटावं हा गडी रोज कोर्टातच जेवायला असतो. जगात एकाच माणसापुढं त्याची मान खाली जायची, ती म्हणजे त्याची आई रंगुबाई. पंचाहत्तरी ओलांडलेली, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी बाई. तिनं नुसतं "म्हेंदा" म्हटलं, की याचं अर्धं भाषण घशातच विरायचं.

अशा माणसाच्या घरात भांडण शिरलं ते थुंकीतून.

धाकटी बहीण माधुरी इंग्लंडात नर्स. तिथं सेलमध्ये थुंकी तपासायची नळी स्वस्तात मिळाली, म्हणून ती त्यात थुंकली. आपलं मूळ कुठलं ते कळतं, म्हणाली.

"मूळ?" महेंद्र फोनवर उखडला. "आपलं मूळ घोडेगावच्या अलीकडं, गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. त्यासाठी तू कशाला थुंकतीस? गाव आपल्यावर थुंकतच होतं की."

महिन्याभरानं रिपोर्ट आला. मूळ राहिलं बाजूला, खाली एक नाव झळकलं. समर्थ वाबळे, कॅनडा. अगदी जवळचं रक्ताचं नातं. माधुरी चक्रावली. ज्या गावच्या खालच्या वस्तीत ती जन्मली, त्याच गावच्या कानिफनाथ वाबळेचा हा पोरगा. रामहरी पाटलाचा नातू.

कानिफनाथ म्हणजे घोडेगावच्या बाजारातला नामांकित दलाल. उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरून बोटं दाबत भाव ठरवायचा, आणि गाईच्या नाकाडावरून तिच्या पणजीचं कूळ सांगायचा. स्वतःचं कूळ तर न विचारताच सांगायचा. पोरानं कॅनडाहून ही भानगड कळवली, तर दुसऱ्याची मान खाली गेली असती. हा पठ्ठ्या टपरीवर चहा पाजत सुटला.

ते महेंद्रच्या कानावर घातलं गोरक्षनं. जनावरांचा टेम्पो चालवायचा, शाळेपासूनचा सोबती.

"म्हेंदा, सांगू का नको?"

"सांग."

"तापशील."

"ते तापल्यावर बघू."

"कानिफनाथ बाजारात म्हनतोय, आमचं म्हातारं लई रंगेल हुतं. खालच्या वस्तीत बी आमचंच बियानं हाय. साळव्याची माधुरी आमच्या म्हाताऱ्याची. कॅनडावरनं रिपोर्ट आलाय म्हनं."

बापाचा चळ त्या माणसाला मेडलसारखा छातीवर मिरवायचा होता, आणि टाचणी लावायला रंगुबाईची अब्रू हवी होती. महेंद्रच्या डोळ्यांपुढं लाल झालं. तो गाडीकडं धावला, तर त्याची पोरगी निकिता किल्ली मुठीत धरून दारात उभी. फार्मसीला होती, बापाचंच तोंड घेतलेलं, पण डोकं वापरायची.

"पप्पा, आधी गणित. मग मारामारी."

"आज्जीला नावं ठेवलीत त्यानं, आन तू गणित सांगतीस?"

"तेच तर. माधुरीआत्या रामहरी पाटलाची असती, तर ती समर्थची अर्धी आत्या झाली असती. म्हणजे बाप एक, आई वेगळी. मग रक्त इतकं जुळलंच नसतं. आत्यानं मला पाठवलेल्या रिपोर्टातला आकडा त्याच्या दुप्पट आहे. सख्ख्या आत्याचा."

"म्हंजी?"

"म्हणजे कानिफनाथचे आणि माधुरीआत्याचे आईबाप एकच. आपली आज्जी आणि आपले रंभाजी आजोबा."

महेंद्र असा हसला की शेजारची कोंबडी कुंपणावर चढली. बाजारभर कुळं सांगत फिरणारा वाबळे, आणि निघाला ओढ्याकाठच्या साळव्याचा! आईवरचा डाग तर धुतला गेलाच, वर वाबळ्याची पगडी पाण्यात. हसतच तो मागच्या पडवीत गेला. रंगुबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"आई, कानिफनाथ वाबळे तुझा पोरगा हाय व्हय गं?"

हसण्यावारी विचारलं होतं त्यानं. रंगुबाईनं हातातली शेंग सुपात ठेवली.

"व्हय," ती म्हणाली. "बस खाली."

मग तिनं सांगितलं ते असं.

"बहात्तरचा दुस्काळ. पाटलाच्या रतनबाईची तीन लेकरं पाचवीच्या आत गेली हुती. सटवी नेती, म्हनायचे. मंग चवथं झाल्यावर ते इकायचं ठरलं. वंगाळ घरात इकलं, की सटवीला वाटतं हे पोर काय कामाचं न्हाई. वंगाळ घर म्हंजी आपलं."

"आन तू घेतलंस? दीक्षा घेतलेलं घर आपलं!"

"आमी सटवी सोडली हुती बाबा. त्यांच्या मानगुटीवर हुतीच की ती. आन माझं बी त्याच आठवड्यात झालं हुतं, दूध हुतं. इकनारा पाटील, तरी दूध पाजायचं म्हून सूपभर मिलो त्यानंच दिला. रेशनचा लाल जुंधळा, अमेरिकेचा. गुरं बी नाक मुरडायची. तेवढ्यात सवदा झाला. दोघांला म्याच पाजलं. सटवीनं वळकू नये म्हून दोघांच्या बी तोंडाला काजळी फासलेली."

"मग?"

"पाचवी सरली. पाटील न्यायला आला. म्या पान्याला गेल्ते. घरात माझी सासू, तिला डोळ्यानं धड दिसत न्हवतं. ती म्हनली, पाटील, आत या, तुमचं कंचं ते बघून घ्या. तर त्यो लिंबाखालनंच म्हनतो, इटाळ व्हईल, भाईर आन. तिच्या हाताला लागलं ते तिनं दिलं."

पाच दिवस त्या घरचं दूध चाललं होतं. फक्त उंबरा चालला नाही.

"म्या आले, पोर अंगाला घेतलं, तवाच कळलं. तशीच पळत गेले. आंगनाभाईर हुबी ऱ्हाऊन वरडले, पाटील, बदललं वो, माझं तुमच्याकं ऱ्हायलं. तर काय म्हनला ठावं हाय? म्हनला, तुजं पोर आमच्या घरात घुसवाया बघतीस व्हय? काठी घिऊन अंगावर आला."

महेंद्रला पुन्हा हसू फुटलं. जे पोर घरात शिरू नये म्हणून पाटलानं काठी उगारली, ते आधीच त्याच्या पाळण्यात होतं! हसू अर्ध्यावर आलं आणि तिथंच अडकलं. कारण निकितासारखंच गणित आता त्याच्याही डोक्यात सुटलं. दोन पोरं. एक तिकडं गेलं. दुसरं इथं शेंगांपुढं मांडी घालून बसलं होतं, बावन्न वर्षांचं.

आयुष्यभर ज्या पाटलांच्या नावानं त्यानं बोटं मोडली, ती बोटं पाटलाचीच निघाली होती. आईचं नाव धुवायला निघाला, ते धुतलं गेलं, आणि त्याच पाण्यात आईच वाहून चालल्यासारखी वाटली.

"आई," तो म्हणाला, "मग मी कोनाचा?"

"रगताचं इचारशील, तर पाटलाचा. आता काय करतो? जमीन मागतो का फेटा बांधतो?"

"थट्टा नको करू."

"मंग येड्यावानी इचारू नगं. काठी चुकवून मी घरी आले, तर तू भुकेनं गाव डोक्यावर घेतलं हुतं. तवापास्नं त्येच चाललंय तुजं. तुला गप करायचं काम बावन्न वर्सं मी करती, आन इचारतो कुनाचा! ऊठ. बाजार कधी हाय घोडेगावचा? मी येनार."

"मी बोलतो तिथं. माईक लावून सांगतो सगळ्यांना."

"तू गप बसायचं. नाव माझं खराब केलंय, बोलनार बी मीच."

बाजाराच्या दिवशी ती महेंद्रच्या गाडीवर बसून निघाली, मागनं गोरक्षचा टेम्पो. कानिफनाथ एका गिऱ्हाइकाचा हात उपरण्याखाली धरून बोटं दाबत होता. पुढ्यात गाय, भोवती माणसांचा गराडा. रंगुबाई गाईचं शिंग बाजूला सारत थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"काय रं, माझ्याबद्दल काय बोललास टपरीवर?"

"म्हातारे, मी न्हाई बोलत," तो दात काढून म्हणाला. "रिपोर्ट बोलतोय."

ती पुढं झाली, त्याचा कान धरून खाली ओढला आणि कानात चार वाक्यं बोलली. लोकांना ऐकू काही गेलं नाही. दिसलं एवढंच, की उपरण्याखालची बोटं सैल पडली. कानिफनाथ सरळ झाला आणि महेंद्रकडं बघत राहिला. जन्मभर नाकाडावरून कूळ ओळखणारा माणूस तो. आता समोर रामहरी पाटलाचं नाक होतं, रामहरी पाटलाच्या जुळलेल्या भुवया होत्या, आणि खाली खिशाला निळा बिल्ला.

तेवढ्यात रंगुबाईनं त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. गाय बिचकली. वाबळ्यावर हात टाकणारा अजून जन्माला यायचा होता, आणि ही खालच्या वस्तीतली म्हातारी! गोरक्षनं टेम्पोतला दांडा हाताशी घेतला. पण कानिफनाथ हलला नाही. गाल चोळत उभा राहिला, लेकरासारखा.

"आता म्हन," रंगुबाई म्हणाली. "मोठ्यानं."

"रंगुबाईबद्दल मी बोललो ते खोटं हाय." तो गर्दीकडं वळला. "आमच्या म्हाताऱ्याचा आन हिचा काय बी संबंध न्हवता. माझं तोंड सडलं हुतं."

"मंग रिपोर्ट?" गर्दीतनं कुणीतरी काडी टाकलीच.

कानिफनाथनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. घरी ज्ञानेश्वरीचं, त्याच्या लेकीचं, लग्न ठरलेलं. सोयरे तालेवार.

"रिपोर्ट खरा हाय," तो म्हणाला. "म्या हिचा हाय."

गिऱ्हाईक गाय न घेताच निघून गेलं. गर्दी एकमेकांना 'काय म्हनला?' विचारू लागली. रंगुबाईनं पदर सावरला आणि रस्त्याकडं चालू लागली. मागनं दोघं.

"माझ्या गाडीत बसा," कानिफनाथ म्हणाला. "घरी सोडतो."

"माझ्या आईला मी नेतो," महेंद्र म्हणाला.

"तुज्या?"

"मग कोनाच्या? बावन्न वर्सं कुठं मेला हुतास?"

"मला काय ठावं हुतं का रं? तुज्या बापानं केलं सगळं!"

"माझ्या? तूच त्याला बाप म्हनत हुतास की!"

रंगुबाईनं समोरून आलेल्या एसटीला हात केला. पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. दोघांचं लक्ष जाईपर्यंत ती खिडकीशी जाऊन बसलीसुद्धा.

"येताना मेथीची गड्डी आना," तिनं आतून ओरडून सांगितलं. "कवळी बघून. आन दोघं बी या जेवायला."

एसटी गेली. दोघं भाजीच्या पाटीपुढं वाकले. महेंद्रनं एक गड्डी उचलली.

"ती जून हाय," कानिफनाथ म्हणाला.

"तुला काय कळतं? तू गाईंचा दलाल."

"गाई काय खातात मग?"

मेथीवाली दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत बसली. भांडण मिटायची काही चिन्हं नव्हती.