भरदार दाढेचा हट्ट

बोरिवलीच्या दातांच्या दवाखान्यात मी डॉक्टरांशी वाद घालत होतो. माझ्या जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवर ते मुद्दाम अरुंद दाढ लावणार होते. रुंद दाढेनं चावताना स्क्रू कलतो आणि हाडावर ताण येतो, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र पूर्वीसारखीच भरदार दाढ हवी होती.

बाहेर थांबलेली गोराईची कोळीण आमचा वाद ऐकून, गाल धरून सरळ आत आली. "अरे, समुद्रात आम्ही खुंटा रोवतो ना, त्याला झेपेल एवढंच जाळं बांधतो. मोठं बांधलं तर खुंटा मोडत नाय, खालचा चिखलच सुटतो!"

मी अरुंद दाढ कबूल केली.

"मग ऊठ, माझा नंबर हाय."

खुर्चीत बसताच मात्र तिनं माझं मनगट घट्ट पकडलं. "इंजेक्शन होईपर्यंत जाऊ नको हां, दादा."